गाडीची आवड: सुरुवात घरच्या बॉनेटपासून

गाड्यांचं वेड नुकतंच लागलं असेल तर पहिला महिना घरातलीच गाडी घ्या, मग ती वॅगनआर असो की काकांची जुनी इंडिका. ज्या गाडीला हात लावता येतो तीच शिकवते. पडद्यावरची फरारी नाही.

साहित्य : गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका, सुती फडकं, टायरची हवा मोजायचा गेज, टॉर्च, वही.

सकाळी इंजिन गार असताना गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. बॉनेट उघडून टेकूची दांडी खाचेत नीट अडकवा. आता डिपस्टिक ओढून काढा, पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. पहिल्या खेपेला दिसतं ते खरं माप नव्हे. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. ते काळं दिसलं तर घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइलही पटकन काळवंडतं. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर मात्र त्यात पाणी शिरलेलं असू शकतं. गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा. कूलंटची पातळी टाकीवरच्या खुणांवरून बघा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

मग टायरपाशी बसा आणि सावकाश वाचा. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल, रिम १४ इंची. लंबगोल चौकटीतले चार आकडे २३१९ असतील तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटरच उरली, टायर बदला. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बघा. टायरच्या अंगावर छापलेला दाब कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका. स्टेपनीची हवाही तपासा, ती हमखास विसरली जाते.

पुढच्या रविवारी जाणत्या माणसाला सोबत घेऊन चाक बदला. नट आधी जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक लावा. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही.

एवढं झालं की एखादी जुनी गाडी अभ्यासाला घ्या. मी प्रीमिअर पद्मिनी सुचवेन. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये स्थापलेल्या कंपनीने फियाटच्या आराखड्यावरून ती कुर्ल्यात बनवली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती वर्षानुवर्षं धावली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, इंजिन उभं, ताकद मागच्या चाकांना. आता १९८३ची मारुती ८०० शेजारी ठेवा : तीन सिलिंडर, ७९६ सीसी, इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना. पद्मिनीच्या फरशीखालून मागे जाणारा लांब शाफ्ट ८००मध्ये लागतच नाही. म्हणून एवढ्याशा गाडीत चार माणसं बसतात. हा फरक डोळ्यांनी पाहिलात की कुठल्याही गाडीत वाकून बघायची सवय लागते.

मॉडिफिकेशनची घाई नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचल्याशिवाय सायलेन्सरलाही हात लावू नका. तो पैसा आधी चांगल्या टायरवर खर्च करा.