बिंदू आणि वाट

पाठपरिचय : ज्यांना चित्र, अक्षर किंवा कथा यांची आवड आहे, त्यांनी आपल्या पुढील आयुष्याचा विचार कसा करावा, हे या पाठात सांगितले आहे. त्यासाठी प्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या विद्यार्थीदशेतील काही प्रसंग दिले आहेत.

विद्यार्थी मित्रांनो,

प्रत्येक वर्गात एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी अशी असते की, तिच्या वहीच्या शेवटच्या पानांवर अभ्यास नसतो, चित्रे असतात. कापसाने भरलेली बैलगाडी, मशिदीचा मिनार, नवरात्रात केळापूरच्या जगदंबेच्या यात्रेत फिरणारा पाळणा, असे काही ना काही तेथे काढलेले असते. तुमच्या वर्गातही असे कोणी असेल. कदाचित ते तुम्ही स्वतःच असाल.

माझ्या नववीच्या वर्गात अशी एक मुलगी होती. एकदा मधल्या सुट्टीत तिने फळ्यावर कापूस वेचणाऱ्या बाया काढल्या. कमरेला बांधलेली ओटी आणि वाकलेली पाठ तिने अगदी हुबेहूब काढली होती. मी तिला विचारले, "पुढे काय करणार?"

ती म्हणाली, "सर, मला चित्रेच काढायची आहेत. पण अब्बा म्हणतात, चित्रांनी पोट भरत नाही."

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. तिच्या अब्बांचे म्हणणे चुकीचे नव्हते. घर चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेच आहे का? ते शोधण्यासाठी आपण एका विद्यार्थ्याची हकिकत पाहू.

त्या विद्यार्थ्याचे नाव सय्यद हैदर रझा. त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या खेड्यात झाला. आज हा जिल्हा मध्य प्रदेशात आहे. त्या काळी मात्र मंडला, नागपूर आणि आपला यवतमाळ जिल्हा एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. रझांचे वडील वनखात्यात नोकरीला होते. त्यामुळे त्यांचे बालपण जंगलाच्या सोबतीने गेले.

लहानपणी रझांचे लक्ष अभ्यासात लागत नसे. एके दिवशी शिक्षकांनी भिंतीवर एक मोठा ठिपका काढला आणि त्याच्याकडेच पाहत राहायला सांगितले. मुलाचे मन हळूहळू त्या ठिपक्यावर स्थिर झाले. ही गोष्ट रझा जन्मभर विसरले नाहीत. पुढे अनेक वर्षांनी हाच ठिपका, म्हणजे 'बिंदू', त्यांच्या चित्रांची ओळख बनला.

मित्रांनो, आपल्या मनातही असा एक बिंदू हवा. उर्दूत आपण ज्याला 'मकसद' म्हणतो, त्याला मराठीत 'ध्येय' म्हणतात. "मला काहीतरी मोठे व्हायचे आहे" हे ध्येय नव्हे. "मला पुस्तकांसाठी चित्रे काढायची आहेत", "मला सुंदर अक्षरे काढणारा कातिब व्हायचे आहे", "मला चित्रकलेची शिक्षिका व्हायचे आहे" ही ध्येये आहेत. ती ऐकणाऱ्याला कळतात आणि त्यांच्याकडे जाणारी वाट शोधता येते.

रझांनी शाळा संपवली आणि १९३९ मध्ये ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे ते १९४३ पर्यंत शिकले. नंतर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकण्यासाठी त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. पण ते मुंबईला पोहोचले, तेव्हा प्रवेशाची मुदत संपली होती. प्रवेश गेला आणि शिष्यवृत्तीही गेली.

विचार करा, अशा वेळी तुम्ही काय केले असते? परतीची गाडी धरणे सोपे होते. रझा परतले नाहीत. त्यांनी मुंबईतच एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओ येथे नोकरी धरली. पूर्वी पुस्तकांत आणि जाहिरातींत चित्र छापण्यासाठी धातूचा ठसा तयार करावा लागे. त्याला ब्लॉक म्हणत. असे ठसे करणाऱ्या त्या कारखान्यात ते रेखाटनाचे काम करू लागले. दिवसा पोटासाठी काम आणि रात्री स्वतःची चित्रे, असा त्यांचा क्रम होता. मुंबईचे रस्ते, गर्दी, पाऊस हेच त्यांच्या चित्रांचे विषय झाले. नोकरी सांभाळून त्यांनी जे. जे. मधले शिक्षणही घेतले. १९४६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक त्यांना मिळाले आणि १९४८ मध्ये सुवर्णपदक मिळाले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही की, रझांचे ध्येय बदलले नाही, वाट बदलली. एक दार बंद झाले, म्हणून त्यांनी मुक्काम सोडला नाही. दुसरी गोष्ट ही की, कला आणि पोट यांचे वैर नाही. ब्लॉकच्या कारखान्यातही चित्र काढणाऱ्या हाताचीच गरज होती. आजही पुस्तकांची मुखपृष्ठे, जाहिराती, कापडावरची नक्षी, संगणकावरची चलचित्रे, दुकानांच्या पाट्या ही सारी कामे कोणी तरी करतेच. ती ज्याला नीट येतात, त्याला त्यांचे पैसे मिळतात.

१९४७ मध्ये मुंबईतील काही तरुण चित्रकारांनी मिळून एक गट स्थापन केला. त्याचे नाव प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. त्यात रझांबरोबर सूझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे होते. हुसेन सिनेमाच्या मोठमोठ्या पाट्या रंगवत असत. आरांनी मोटारी धुण्याचे काम केले होते. हरी अंबादास गाडे हे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, आणि ते विज्ञानाचे पदवीधर होते. कोणाकडेही मोठी संपत्ती नव्हती. पण एकमेकांची चित्रे पाहणारे आणि चुका सांगणारे सोबती त्यांना मिळाले. १९४९ मध्ये या गटाचे चित्रप्रदर्शन मुंबईत भरले.

याच काळात रझांवर दुःखही कोसळले. १९४७ मध्ये आई आणि १९४८ मध्ये वडील वारले. फाळणीनंतर भाऊबहिणी पाकिस्तानात गेल्या. रझा येथेच राहिले आणि काम करत राहिले. १९४८ मध्ये ते काश्मीरला गेले असता त्यांना फ्रान्सचे थोर छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी रझांची चित्रे पाहून सांगितले की, तुमच्यात गुण आहे, पण चित्राची बांधणी कच्ची आहे, सेझान या चित्रकाराचा अभ्यास करा. आपली चूक कोणी दाखवली की आपल्याला राग येतो. रझांना राग आला नाही. त्यांनी फ्रान्सला जाण्याचे ठरवले. त्यासाठी आधी काय केले? मुंबईत फ्रेंच भाषा शिकायला सुरुवात केली. मग १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसला गेले. या वेळी तयारी पूर्ण होती. १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते फ्रान्सबाहेरचे पहिले चित्रकार ठरले. पुढे भारत सरकारने २०१३ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिले. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले.

मित्रांनो, "मराठी कशाला शिकायची?" असे तुमच्यापैकी काही जण विचारतात. रझांनी देशाच्या आधी भाषा शिकून घेतली, हे त्यांना माझे उत्तर आहे. उद्या तुम्ही नागपूरला किंवा अमरावतीला शिकायला जाल, तेव्हा सूचनाफलक, अर्ज, सोबती आणि गिऱ्हाईक यांच्याशी तुमची गाठ मराठीतूनच पडेल.

आता आपण आपल्या वाटेचा आराखडा करू.

प्रथम शाळेतील वाट. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा शाळेत असतानाच देता येतात. त्यांतून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव होतो. बारावीनंतर राज्याची प्रवेश परीक्षा देऊन चित्रकलेच्या चार वर्षांच्या पदवीला जाता येते. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. पांढरकवड्याहून ते सुमारे १५० किलोमीटर दूर आहे. तेथे प्रवेश मिळाला नाही, तर जवळच्या महाविद्यालयात बी.ए. करतानाही कला सोडावी लागत नाही. रझांचे सोबती गाडे विज्ञान शिकूनही चित्रकार झालेच.

आराखडा कागदावर लिहा. डाव्या बाजूला काम लिहा आणि उजव्या बाजूला तारीख. अर्ज कधी मिळतो, शेवटचा दिवस कोणता, कोणते दाखले लागतात, फी किती, शिष्यवृत्ती कोणती, हे शाळेच्या कार्यालयात विचारा. विचारण्यात लाज नाही. रझांसारख्या गुणी विद्यार्थ्याचाही प्रवेश मुदत संपल्याने हुकला, हे विसरू नका.

त्यानंतर महाविद्यालयातील पहिले वर्ष. अनेक मुले म्हणतात, "आधी सगळे शिकू, मग काम करू." असे करू नका. पहिल्या वर्षापासूनच एक लहान काम हाती घ्या आणि ते पूर्ण करा. असे काम म्हणजे प्रकल्प. तीन उदाहरणे देतो.

पहिला प्रकल्प कापसाचा. पेरणीपासून रुईच्या गाठीपर्यंत बारा चित्रे काढा. पराटीचे फूल, हिरवे बोंड, फुटलेले बोंड, वेचणी, जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळी होणारी रुई, हे सारे आपल्या तालुक्यात डोळ्यांनी पाहता येते. दुसरा प्रकल्प अक्षरांचा. मराठी देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते आणि शिरोरेषेला लटकते. उर्दूचे नस्तालीक उजवीकडून डावीकडे जाते आणि तिरपे उतरते. महामार्गावर आदिलाबादकडून येणाऱ्या ट्रकांवर तेलुगूची गोल अक्षरे दिसतात. एकच शब्द तिन्ही लिप्यांत लिहून त्यांची तुलना करा. तुम्हाला दोन लिप्या लिहिता येतात, हे तुमचे भांडवल आहे. तिसरा प्रकल्प पुस्तकाचा. दादी-नानीने सांगितलेली एक कथा घ्या, ती एका पानावर उर्दूत आणि समोरच्या पानावर मराठीत लिहा, चित्रे काढा आणि सोळा पानांचे हस्तलिखित शिवून तयार करा.

प्रकल्प लहान असला तरी चालेल, पण अर्धवट नको. पुरी झालेली तीन कामे एका फाइलमध्ये ठेवली, तर नोकरी देणारा ती पाहू शकतो. मनातली शंभर चित्रे त्याला दिसत नाहीत.

आणि घरच्यांचे काय? वडीलधाऱ्यांशी भांडू नका. त्यांना आराखडा दाखवा, काम दाखवा. खर्च किती आणि पुढे कमाई कशाची, हे त्यांना शांतपणे सांगा.

त्या मुलीने असेच केले. तिने एक कागद आणि आपली सात चित्रे अब्बांसमोर ठेवली. अब्बा बराच वेळ एकाच चित्राकडे पाहत राहिले. त्यात त्यांचीच बैलजोडी होती. मग त्यांनी एलिमेंटरी परीक्षेच्या अर्जावर सही केली आणि बजावले, "पण गणितात नापास व्हायचे नाही." तिने ती अट मान्य केली. आता ती दोन्ही वह्या रोज उघडते.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर एक ठिपका काढा. त्याखाली आपले ध्येय एका ओळीत लिहा. मग पान उलटा आणि या महिन्यात पूर्ण होईल असे एक काम लिहा. त्याच्यासमोर तारीख घालायला विसरू नका.

शब्दार्थ

ध्येय – मकसद
आराखडा – खाका
हुबेहूब – जसेच्या तसे
मुदत – ठरलेला काळ
शिष्यवृत्ती – वजीफा
रौप्यपदक – चांदीचे पदक
समीक्षक – कलेचे गुणदोष सांगणारा
ओटी – वेचलेला कापूस ठेवण्यासाठी कमरेला बांधलेली कापडाची झोळी
पराटी – कपाशीचे झाड
सरकी – कापसाचे बी
भांडवल – पूंजी, धंद्यासाठी लागणारा पैसा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रझांचा जन्म कोठे झाला?
(आ) शिक्षकांनी भिंतीवर काय काढले?
(इ) मुंबईत रझांना प्रथम कोठे नोकरी मिळाली?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रझांची शिष्यवृत्ती का गेली? त्यानंतर त्यांनी काय केले?
(आ) फ्रान्सला जाण्यापूर्वी रझांनी कोणती तयारी केली?
(इ) मुलीच्या अब्बांनी सही करताना कोणती अट घातली? ती तुम्हाला योग्य वाटते का?

३. वाक्यांत उपयोग करा.
पोट भरणे, ध्यानात घेणे, गाठ पडणे, हाती घेणे

४. मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

५. उपक्रम : आपल्या ध्येयाचा आराखडा तारखांसह एका पानावर तयार करा आणि वर्गात वाचून दाखवा.