घरी बिनचूक, मग रंगमंचावरच का चुकतं?

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी भरतनाट्यम शिकते. घरी तिचा अलारिप्पू अगदी बिनचूक होतो. पण क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात, पनवेलच्या फडके नाट्यगृहात, ती मध्येच अडखळली. पोशाख, मेकअप, तालमी एवढा खटाटोप, वर लेकराच्या मनावर ताण. यातून मुलांना नेमकं मिळतं काय?
— एक आई, नवीन पनवेल

उत्तर : आधी ती का अडखळली ते पाहू, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

1898 मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ फिरवायला दिलं; कधी एकट्याने, कधी दुसऱ्या मुलाच्या जोडीने. जोडीदार असला की बरीच मुलं झपाट्याने रीळ फिरवत, काही मात्र उलट गडबडत. असं का, याचा उलगडा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी 1965 मध्ये मांडला. भोवती कुणी असलं की शरीर आपोआप सावध होतं. त्या अवस्थेत अंगवळणी पडलेली गोष्ट आणखी चांगली होते आणि अर्धीकच्ची गोष्ट आणखी बिघडते. 1969 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर तपासलं. बघायला इतर झुरळं असताना सरळ वाटेवरची झुरळं वेगाने पळाली. वळण घ्यावं लागणाऱ्या वाटेवर मात्र त्यांना जास्त वेळ लागला!

म्हणजे तुमच्या मुलीला नाच येत नव्हता असं नाही. त्यातला कुठला भाग अजून कच्चा आहे, ते प्रेक्षकांसमोर उघड झालं. ‘मला येतं’ आणि ‘मला येतं असं वाटतं’ यांतला फरक मुलांना क्लासमध्ये सहसा कळत नाही, कारण तिथे ताई ‘पुन्हा एकदा’ म्हणतात. रंगमंचावर ‘पुन्हा एकदा’ नसतं. पाऊल चुकलं तरी ताल थांबत नाही, आणि लावलेलं रेकॉर्डिंग तर मुळीच नाही. अशा वेळी मूल शेजारणीकडे चोरून बघतं, मनात मात्रा मोजतं आणि पुढच्या आवर्तनाला पुन्हा नाचात शिरतं. चूक झाल्यावर काम न सोडता पुढे जाणं मुलांना समजावून शिकवता येत नाही. प्रसंग यावाच लागतो. कार्यक्रम असा प्रसंग आणतो, तोही अपयशाची फारशी किंमत मोजायला न लावता. शिवाय समूहनृत्यात आपली जागा आणि दुसरीचं अंतर सांभाळणं, आपला प्रवेश येईपर्यंत विंगेत गप्प उभं राहणं, हेही अंगी बाणतं.

जुन्या नृत्यगुरूंनाही सुरुवातीच्या धडधडीची जाण असावी. भरतनाट्यमच्या आजच्या कार्यक्रमाचा क्रम तंजावरच्या चार भावांनी, 19व्या शतकाच्या पूर्वार्धात, भोसल्यांच्या दरबारात बसवला असं मानलं जातं. या क्रमात पहिला येतो अलारिप्पू. तो छोटा असतो, त्यात गीत नाही, अभिनयाची कथा नाही, नुसते बोल. डोळे, मान, खांदे असं एकेक अंग जागं होत जातं. वर्णम ही अवघड रचना त्यानंतर बऱ्याच उशिरा.

मात्र कार्यक्रमाचा फायदा आपोआप होत नाही. कच्चा नाच घेऊन मुलाला उभं केलं, किंवा नको म्हणत असताना ढकललं, तर हाती भीतीच लागते. म्हणून तीन गोष्टी करा. कार्यक्रमाआधी काही दिवस चाळ बांधून, पूर्ण पोशाखात, आजी-आजोबा आणि शेजाऱ्यांसमोर नाच होऊ द्या. थोड्या प्रेक्षकांची सवय मोठ्या सभागृहात कामी येते. पहिली एक-दोन वर्षं एकटीच्या नाचाचा आग्रह नको, समूहातच असू द्या. आणि कार्यक्रम संपताच मोबाइलवरचं चित्रीकरण दाखवून चुका मोजू नका. ‘अडखळल्यावर पुन्हा ताल कसा पकडलास?’ एवढंच विचारा. उत्तर देताना तिला स्वतःलाच कळेल, की ते तिने स्वतःच्या बळावर जमवलं.