किती गुण आणलेस?

आईबाबांनो,

सामना खेळून मूल घरी येतं. धुळीने माखलेलं असतं, कोपर सोललेलं असतं. चप्पल काढायच्या आत स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "किती गुण आणलेस?" मुलुंड-भांडुपच्या मैदानांवर मी बरीच वर्षं मुलांना कबड्डी शिकवतोय. तुमचा हा प्रश्न माझ्यापर्यंत दुसऱ्या दिवशी पोहोचतो, मुलाच्या पायांतून. काल मोकळेपणाने चढाई करणारा मुलगा आज उगाच हात मारायला धावतो आणि पकडला जातो.

चढाई म्हणजे काय, हे एकदा त्याच्या जागी उभं राहून बघा. समोर सात जण. हातात तीस सेकंद आणि छातीत एक दम. निदान रेषा ओलांडायची, कोपऱ्यांवर नजर ठेवायची, बचाव करणाऱ्यांची साखळी कधी आवळेल त्याचा अंदाज घ्यायचा आणि मध्यरेषेकडे परतायचं. गुण न घेता सुखरूप परतला तर आपण तिला रिकामी चढाई म्हणतो. गुणफलकावर तिचं काहीच उमटत नाही. पण उजव्या कोपऱ्यातला गडी आज घाई करतोय, कव्हरचा गडी पाय पुढे टाकून उभा राहतोय, हे त्या चढाईत त्याने पाहून ठेवलेलं असतं. पुढचे दोन गुण बहुतेक वेळा तिथूनच येतात. तुमच्या हिशेबात ती चढाई धरा, एवढंच माझं मागणं आहे.

आपल्याच उपनगरातला, सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा घ्या. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवलं. २०१४ साली वरळीत प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा तो यू मुंबाच्या संघात होता आणि २०१५ चं विजेतेपद त्याने याच संघातून पाहिलं. पण तिथे मुख्य चढाया अनुप कुमारच्या. रिशांकने आपली पाळी येईपर्यंत खेळत राहणं सोडलं नाही. २०१७ मध्ये यूपी योद्धाकडून जयपूरविरुद्ध त्याने एका सामन्यात चढाईचे २८ गुण घेतले. लोकांना ते २८ आठवतात. मला त्याआधीचे हंगाम आठवतात. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं, त्या संध्याकाळी आमच्या मैदानावर मुलं घरी जायला तयार नव्हती.

मुलीच्या पालकांनो, तुम्हीही ऐका. मुंबईच्या अभिलाषा म्हात्रेने २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत भारतीय संघातून सुवर्ण मिळवलं, २०१५ चा अर्जुन पुरस्कार घेतला. "मुलगी आहे, गुडघे फुटतील" हे कारण तुम्ही मला देऊ नका. गुडघ्याची काळजी घ्यायला मी आहे, तुम्ही आहात.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक' म्हणून एक खेळाडू असतो. चेंडू कवेत घेऊन तो अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्यांमधून वाट काढतो. आपल्या चढाईपटूचा तो सख्खा भाऊच. अंगावर इतके तडाखे बसतात, की त्यांच्यातल्या बहुतेकांची कारकीर्द काही वर्षांतच आटोपते. आपल्या मुलांचं शरीरही असेच तडाखे झेलतं, म्हणून त्याबद्दल थोडं कळकळीने सांगतो. किशोर गटाला वजनाची मर्यादा असते. वजनकाट्याच्या आदल्या दिवशी पोराला उपाशी ठेवणं, पाणी बंद करणं, हे घराघरांत चालतं. मीही एका मुलाला हे करायला लावलं होतं. सामन्याआधी तो मैदानावरच चक्कर येऊन पडला. त्याची आई धावत आली, मला एक शब्दही बोलली नाही, मुलाचं डोकं मांडीवर घेऊन त्याला लिंबू-सरबत पाजत बसली. तेव्हापासून मी कुणाचं वजन उपाशी ठेवून उतरवलेलं नाही. मूल वरच्या गटात गेलं तर जाऊ दे, एक वर्ष बाहेर बसलं तर बसू दे. आणि वयोगटात बसवायला त्याच्या जन्मतारखेला कुणी हात लावायला सांगितलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दहावी आली की मैदान बंद करू नका. दिवसाचा एक तास पुरतो. जिल्हा, राज्य पातळीवर चमकलेल्या मुलांना बोर्डात सवलतीचे गुण मिळतात, राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे शाळेत जाऊन नीट विचारून घ्या. पण निव्वळ तेवढ्यासाठी खेळवू नका. मुलाला ते लगेच कळतं.

या शनिवारी संध्याकाळी सरावाला या. काही बोलू नका, सूचना देऊ नका, मोबाइलवर चित्रण नको. अंतिम रेषेच्या मागे, भिंतीला टेकून बसा. चढाईला जाण्याआधी तुमचं मूल एकदा मागे वळून तुमच्याकडे बघेल.