लाफिंग बुद्धा स्वतः विकत घ्यावा का?

प्रश्न : बेंगळुरूत जयनगरला आम्ही नवं घर घेतलं. लाफिंग बुद्धा भेट मिळाला तरच लाभतो, असं शेजारच्या काकू म्हणतात. तो देवघरात ठेवावा का?

उत्तर : ताई, आवडला असेल तर खुशाल विकत घ्या. भेटीच्या अटीला बौद्ध धर्मात आधार नाही. आणि हा गौतम बुद्ध नव्हेच. हा बुदाई, दहाव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये होऊन गेलेला भिक्षू. खांद्यावर झोळी, सुटलेलं पोट, भोवती मुलांचा गराडा. चिनी लोक पुढे त्याला मैत्रेयाचा, म्हणजे भावी बुद्धाचा, अवतार मानू लागले. पण तो आपल्या पूजेतला देव नव्हे, म्हणून देवघरापेक्षा बैठकीत, नजरेच्या उंचीवर ठेवा. चपलांच्या कपाटावर मात्र मुळीच नको. कोणाची तरी ती श्रद्धा आहे. रेझिनची मूर्ती उन्हात पिवळी पडते, पोटाच्या घडीत धूळ बसते. ती कोरड्या, मऊ ब्रशने काढा.

पैसा येईल या आशेने महागडी मूर्ती घेऊ नका, मूर्तीने हप्ते फिटत नाहीत. गौतम बुद्ध जाणून घ्यायचे असतील, तर आचार्य बुद्धरक्खितांनी १९५६ साली स्थापलेल्या, बेंगळुरूतल्याच गांधीनगरच्या महाबोधी सोसायटीत एकदा जरूर जाऊन या.