दहावीच्या निकालाची वाट पाहू नका

एनएमएमएस हे नाव पनवेलमधल्या बऱ्याच पालकांच्या कानावरही आलेलं नसतं. आठवीच्या मुलांसाठीची ही राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा आहे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला किमान 55 टक्के (एससी, एसटीसाठी 50) असतील तर मुलाला ती देता येते. निवड झाली की नववी ते बारावी दरमहा 1,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये थेट खात्यात जमा होतात. शिवाय अट अशी की मूल शासकीय, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असलं पाहिजे. भरमसाट फी भरून विनाअनुदानित शाळेत घातलेल्या मुलाला ही परीक्षा देताच येत नाही.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे माझ्याकडे सल्ला विचारायला येणारे बहुतेक पालक निकाल हातात पडल्यावर येतात. त्यातले कितीतरी जण जरा खालच्या आवाजात म्हणतात, ‘‘आमची मुलगी साध्या मराठी शाळेत आहे हो.’’ असं ऐकलं की मला वाईट वाटतं. पनवेलचं व्ही. के. हायस्कूल, म्हणजे आपलं विठोबा खंडाप्पा हायस्कूल, किंवा त्यासारख्या जुन्या शाळांमधून ज्यांची घरं शिकली, त्यांनी शाळेचं नाव मान वर करून सांगावं. इंग्रजीची धास्ती असेल तर सेमी इंग्रजीची तुकडी आहे का ते विचारा. त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, बाकीचे विषय मराठीतून.

हायस्कूल मुलाला काय काय देऊ करतं, हे पालकांनी नीट पाहिलेलंच नसतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा घ्या. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून मुलांना बसवलं जातं, आणि गुण मिळाले की चित्रकलेची वही माळ्यावर जाते. पण त्या परीक्षेत स्थिरचित्र असतं, स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं, भूमिती आणि अक्षरलेखन असतं. भूमितीच्या कागदावर ज्याची रेघ हलत नाही, त्या मुलाला ड्राफ्ट्समन, आर्किटेक्चर, डिझाइन या वाटा मोकळ्या असतात. ही खूण सगळ्यात आधी चित्रकलेच्या सरांना दिसते, घरी दिसत नाही. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेचंही तसंच. सहावी आणि नववीच्या मुलांची ही परीक्षा लेखी पेपरवर संपत नाही. पुढच्या टप्प्यांत प्रयोग करून दाखवावा लागतो, कृतिसंशोधनाचा प्रकल्प करावा लागतो. पाठांतर करणारं मूल कुठलं आणि हात लावून पाहणारं कुठलं, ते तिथे कळतं. गॅदरिंगमध्ये नाचणारी मुलं सगळ्यांना दिसतात. पडद्यामागे कोण कधी येणार याची यादी हातात धरून सगळ्यांना ओळीने उभं करणारी मुलगी मात्र वर्गशिक्षिकेनेच पाहिलेली असते. व्यवस्थापन शिकायला निघालेल्या मुलीबद्दल मला ही गोष्ट तिच्या टक्क्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

आता गावाकडे बघू. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको 1970 साली स्थापन झाली आणि पनवेल-उरण पट्ट्यातल्या शेतजमिनी गेल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील लढले. 1984 च्या जानेवारीत जासई परिसरातल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला. जमिनी गेलेल्या त्या घरांची नातवंडं आज हायस्कुलात आहेत. त्यांच्या दारात न्हावा-शेवाचं बंदर आहे, तळोज्याची एमआयडीसी आहे, आणि 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ आहे. विमानतळ आला म्हणजे नोकऱ्या आल्याच, अशी चर्चा घराघरांत चालते. नोकरी मात्र हातातलं कौशल्य आणि त्याचं प्रमाणपत्र पाहून मिळते. विमानांच्या देखभालीचा एएमई कोर्स करायचा तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. मर्चंट नेव्हीत अधिकारी व्हायचं तर याच तीन विषयांत 60 टक्के हवेत, शिवाय दहावी किंवा बारावीला इंग्रजीत 50. इंग्रजीच्या पेपरकडे दुर्लक्ष करणाऱ्या मुलाला हे नववीतच सांगितलेलं बरं.

आयटीआयला कमी लेखू नका. पनवेलमध्ये शासकीय आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. त्यानंतर कारखान्यात अप्रेंटिसशिप करताना विद्यावेतन मिळतं. डिप्लोमा तीन वर्षांचा आहे आणि तो झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ‘मार्क कमी पडले म्हणून’ या वाटेने गेलेला मुलगा आणि ठरवून गेलेला मुलगा यांच्यात दोन वर्षांनी जमीन-अस्मानाचं अंतर पडलेलं मी पाहिलं आहे.

अकरावीच्या प्रवेशावेळी आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. एकाच ज्युनिअर कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते. फीमध्ये मोठा फरक पडतोच. शिवाय एनएमएमएस मिळवलेल्या मुलाने विनाअनुदानित तुकडी घेतली, तर पुढच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती हातची जाते. ती चालू राहायची तर दहावीला 60 टक्केही लागतात (एससी, एसटीला पाच टक्के सूट आहे). कॉलेजशी जोडलेल्या खासगी शिकवणीचं, म्हणजे इंटिग्रेटेड क्लासचं पॅकेज घेताना कॉलेजचं नाव, तुकडी आणि हजेरीचा नियम लेखी मागून घ्या.

मूल सातवी-आठवीत असेल तर पुढच्या पालकसभेला सही करून लगेच निघू नका. शाळेतून एनएमएमएसला गेल्या वर्षी किती मुलं बसली, जादा तास कोण घेतं आणि अर्जाची मुदत कधी संपते, हे मुख्याध्यापकांना विचारा. मग वर्गशिक्षकांजवळ बसा आणि मूल कशात रमतं ते विचारा, टक्के नंतर. उत्पन्नाचा दाखला मात्र आताच काढून ठेवा, कारण प्रवेशाच्या दिवसांत तहसील कार्यालयात दाखल्यांसाठी मोठी गर्दी असते.