बुडण्यापासून वाचायला किती खर्च? डोंगरी-उत्तनकरांसाठी हिशेब

डोंगरी, उत्तन, चौक या पट्ट्यातल्या घरांना पाण्याचा धोका तीन ठिकाणी असतो: न्हाणीघर, वाडीतली विहीर आणि समुद्र-खाडी. पैसे खर्च करायचं मनात येतं ते फक्त तिसऱ्यासाठी, तेही सहलीच्या आदल्या रात्री. माझ्या मते सुरुवात घरातून करावी.

चालायला लागलेलं मूल भरलेल्या बादलीत डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. डोकं जड आणि हातांत जोर नाही. 2021 मध्ये जगभर सुमारे 3 लाख लोक बुडून गेले. जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यांत जवळपास पाव हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. रात्री बादल्या पालथ्या घालायला पैसे पडत नाहीत. पिंपाला घट्ट झाकण आणि न्हाणीच्या दाराला वरून कडी लावा, शे-दीडशेत काम होतं. फिट येणाऱ्या माणसाने आतून कडी लावून टबात बसू नये.

विहिरीचं काम खर्चाचं, पण एकदाच करायचं. आठ फुटी विहिरीवर 12 मिलिमीटर सळईची, चार इंची चौकोनांची जाळी करायची तर शंभर किलोच्या आसपास लोखंड लागतं. मजुरीसह किलोला सव्वाशे धरले तरी बारा-तेरा हजार होतात. फॅब्रिकेटर आठ इंची चौकोन सुचवतो, लोखंड वाचतं म्हणून. त्याला हो म्हणू नका. मोटर आणि पोहऱ्यासाठी झडप ठेवा, पण तिला कुलूप हवं.

समुद्रासाठी पहिलं साधन घरच्या कॅलेंडरवरच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तासाभराचा फरक धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला खडकांवर सेल्फी काढणारा परतीची वाट पाण्याखाली जाताना बघत बसतो. ठिकाण अनोळखी असेल तर किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा, तो पैसे घेत नाही.

लाइफ जॅकेट घेताना आकडा बघा: 50, 100 की 150 न्यूटन. 50 चं पोहणाऱ्यासाठी, तेही मदत जवळ असेल तर. न पोहणाऱ्याला किमान 100 चं हवं, साधारण बाराशे ते अडीच हजारांत मिळतं. मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर ते डोक्यावरून निसटतं. दंडावरच्या हवेच्या फुग्यांचे दीडशे रुपये वाचवा, ती खेळणी आहेत.

सोसायटी किंवा मंडळाने फेकायची रिंग (दीड-दोन हजार) आणि 30 मीटर दोरी (तीन-चारशे) घ्यावी. दोरी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, ती तरंगते, नायलॉन बुडतं. तेही नसेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा तेलाचा डबा दोरीला बांधून फेका. वाचवायला उडी मारणारा दुसराही जातो, म्हणून आधी फेका.

पोहण्याच्या शिकवणीची फी महिन्याला दोन-तीन हजारांपासून पुढे. विचारायचा प्रश्न एकच: एका प्रशिक्षकामागे मुलं किती? आणि पाठीवर तरंगायला शिकवतात का, हेही बघा. थकल्यावर जीव तेवढ्यावरच टिकतो.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबू नका, उलटं टांगू नका. आधी पाच श्वास तोंडाने द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, हे थांबवू नका. दुसऱ्याने 108 लावावा, रुग्णवाहिका मोफत आहे. समुद्रात कोणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा 1554.

शेवटी विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. बुडणंही त्यात येतं. मच्छीमारांच्या गट विम्यात 5 लाख, हप्ता सरकार भरतं. नाव नोंदलंय का ते आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेत तपासा. दाव्याला पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो, अर्ज शक्यतो 30 दिवसांत करावा. सुरक्षा विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, तेव्हा मेअखेरीला खात्यात 20 रुपये आहेत ना, बघून ठेवा.