पित्ताची नळी तुंबते तेव्हा

मेसच्या बेसिनचा पाईप तुंबला की आपण आधी तार घालून बघतो. तारेनं जमलं नाही तर पाईप बदलतो. तान्ह्या बाळाची पित्तनलिका बंद पडली तर डॉक्टरांपुढेही साधारण हेच दोन मार्ग असतात. फरक एवढाच, की ही नळी जेमतेम एक-दीड मिलिमीटरची असते!

गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीच्या दीड महिन्याच्या मुलाची कावीळ काही उतरेना, तेव्हा मी या विषयाच्या मागे लागलो.

यकृतात तयार झालेलं पित्त या नळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरतं. शीचा पिवळा-तपकिरी रंग त्यामुळेच असतो. नळी बंद झाली की बिलिरुबिन रक्तात साठतं. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शी मात्र शाडूसारखी पांढुरकी! फ्लुइड मेकॅनिक्समधला प्वाझचा नियम आठवा. त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे घट्ट झालेल्या पित्ताचा बारीक खडाही बाळाला पुरतो.

आता ‘तार घालणं’ म्हणजे काय ते पाहू. या तंत्राला ई.आर.सी.पी. म्हणतात. १९६८ साली अमेरिकेत दुर्बीण आतड्यात नेऊन नळीच्या तोंडाशी पोचता आलं. १९७४ साली जर्मनी आणि जपानमध्ये ते तोंड आतूनच कापून रुंद करण्याची पद्धत निघाली. बाळांसाठीची दुर्बीण सुमारे साडेसात मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्यातला अवजारांचा मार्ग फक्त दोन मिलिमीटरचा! नळीचं तोंड आतड्याच्या भिंतीत असल्यामुळे हिचा कॅमेरा समोर न बघता बाजूला बघतो. टोकाशी असलेल्या छोट्या तरफेनं तार वळवतात, एक्स-रेखाली रंगद्रव सोडून अडथळा शोधतात आणि फुग्यानं किंवा जाळीनं खडा ओढून काढतात. बाळाला पूर्ण भूल द्यावी लागते. स्वादुपिंडाला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतोच. म्हणून हे काम सरावलेल्या हातांचंच.

पण प्रत्येक वेळी तार चालत नाही. ‘बिलिअरी अट्रेशिया’ या आजारात यकृताबाहेरची नळीच आक्रसून बुजलेली असते. मग खडा कुठून काढणार? इथे नवा पाईप जोडावा लागतो. जपानच्या मोरिओ कासाई या सर्जननी १९५० च्या दशकात बाळाच्याच आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडण्याची शस्त्रक्रिया शोधली. ती जन्मानंतर साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. उशीर झाला तर यकृत निबर होत जातं. मग उरतं यकृत-प्रत्यारोपण. भारतात लहान मुलावरचं पहिलं यशस्वी यकृत-प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झालं, ते याच आजारासाठी. यकृताचा तुकडा वडिलांनी दिला होता.

आमच्या भाच्याच्या नळीत खडा निघाला आणि दुर्बिणीनं काम झालं. त्यानंतर ताईनं फोनवर सगळ्यात आधी काय सांगितलं असेल? शीचा रंग!

नवजात बाळांची कावीळ बहुतेक वेळा आपोआप जाते, हे खरं. पण चौदा दिवसांनंतरही ती राहिली, तर ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ म्हणत थांबू नका. ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ची रक्ततपासणी करून घ्या. आणि शी पांढुरकी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टाफ क्वार्टर्समध्ये किंवा तुमच्या घरी कुणाकडे पाळणा हलला असेल, तर एवढं जरूर सांगा.